दारं नसलेल्या गावात माझी अडचण

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी एकटी नगर जिल्ह्यात दहा दिवस फिरले, हे ऐकून हल्लीच्या मुली मला धाडसी म्हणतात. मी नाकारत नाही, कारण या वयात असं म्हणणारं फारसं कुणी उरलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मी गेले ती नोकरी जाईल या भीतीने.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संस्थेत बोलीभाषेतले शब्द गोळा करायचं काम करत होते. छापील प्रश्नावली घेऊन खेडोपाडी जायचं आणि दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात’ असं विचारत सुटायचं. लोक दयाळू असत, उत्तरं देत. नेमणूक तात्पुरती होती. आधीच्या दौऱ्यात तिसऱ्याच दिवशी माझी पाळी आली आणि धुतलेल्या कापडाच्या घड्या परक्या घरात कुठे वाळत घालायच्या, या एका प्रश्नाने घाबरून मी मिळेल ती एसटी पकडून पुण्याला पळून आले. वही कोरी ती कोरीच. आमचे सर ओरडले नाहीत. बायकांना महिन्याची अडचण असते, फिरतीचं काम पुरुषाला दिलेलं बरं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आता ही शेवटची संधी होती. शेवगाव, शिंगणापूर आणि जामखेड अशा तीन वह्या भरून आणल्या तर नोकरी कायम, नाहीतर जागा दुसऱ्याला. कॅलेंडर काढून बोटं मोजली, तर माझी तारीख नेमकी दौऱ्यात पडत होती.

त्याच आठवड्यात माझी चुलतबहीण वत्सलाताई अमेरिकेहून आली होती. ती तिकडे नर्स होती. माझं रडगाणं ऐकून तिने बॅगेतून दोन वस्तू काढल्या. एक होती रबराची छोटी वाटी, तळाला शेंडी असलेली. दुसरी, एका पाकिटात समुद्रातल्या स्पंजाचे दोन तुकडे. दोन्ही गोष्टी आत घालायच्या, धुवायच्या आणि पुन्हा वापरायच्या. मी पाहतच राहिले. स्पंज मऊ, घालायला सोपा, पण सारखा धुवावा लागतो आणि दाबला की गळतो, ती म्हणाली. वाटी बसवायला शिकावं लागतं, पण एकदा बसली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघायला नको. पाळी संपली की खळखळ उकळायची. स्पंज मात्र उकळायचा नाही, तो आकसून कडक होतो. ‘दोन्ही वापरून बघ, एक निवड. जे निवडशील ते पुढच्या खेपेला आणून देईन,’ एवढं सांगून ती साड्यांच्या खरेदीला गेली. मी दोन्ही वस्तू अॅल्युमिनियमच्या डब्यात भरल्या. आईला सांगितलं, औषधं आहेत.

पुण्याहून नगर तेव्हा चार तासांवर होतं. शिरूरला गाडी थांबे, तिथे पंधरा पैशांत कपभर उकळलेला चहा मिळे. आता रस्ता रुंद झालाय, गाड्या गार झाल्यात, तुम्ही डुलकी काढाल तेवढ्यात पोचाल. नगरच्या स्टँडवर गाडी बदलून शेवगावला पोचेपर्यंत माझ्या केसांत इतकी धूळ बसली की मी एकदम म्हातारी दिसू लागले. मुक्काम एका शाळेतल्या बाईंच्या घरी होता. त्यांचे यजमान कुठल्याशा सोसायटीच्या ऑफिसात कारकून होते. रात्री हुलग्याचे शेंगोळे खाल्ले. लसणाची चव अशी की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी शब्द विचारायला तोंड उघडलं की समोरचा एक पाऊल मागे सरकायचा.

पाळी ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी आली, अर्थात. मी भित्री, म्हणून सोपी वस्तू आधी निवडली. स्पंजाला दोरा बांधला, घातला, आणि त्या दिवशी मी शेवगावच्या बाजारात जी फिरले ती अगदी राणीसारखी. धान्याची मापं, गोण्या, सुपं, चाळण्या, सगळ्यांची नावं लिहून घेतली. एका म्हातारीला डोक्यावर पाटी चढवायची होती. मी उत्साहाने पुढे झाले, पाटी उचलली, पोटावर जोर आला आणि स्पंजाने सगळं सोडून दिलं. वत्सलाताईने सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. बाजाराच्या त्या टोकापासून बाईंच्या घरापर्यंत मी भिंतींना पाठ घासत, आडवी चालत गेले. वाटेत तिघांनी वाट चुकलात का म्हणून चौकशी केली.

घरी येऊन स्पंज तीन पाण्यांनी धुतला आणि परसातल्या भिंतीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी पाहते तर स्पंज नाही. बाईंना विचारायची सोय नव्हती. जेवताना यजमान कौतुकाने सांगू लागले की भिंतीवर एक झकास मऊ तुकडा सापडला, ऑफिसात पाकिटं चिकटवताना ओला करायला नेला, जिभेचा त्रास वाचला. मी भाकरीकडे बघत राहिले. स्पंज स्वच्छ धुतलेला होता, हे मी आजही शपथेवर सांगते. पण त्या ऑफिसातून पत्रं आलेल्या सगळ्यांची मी मनोमन क्षमा मागितली.

दुसरा स्पंज पाकिटात कोरा होता, पण त्यावरून माझा विश्वास उडाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंच्या न्हाणीघराला आतून कडी लावून मी तासभर वाटीशी झटले. घडी करून घालायची, आत गेली की ती उघडते. माझी बाहेरच उघडत होती आणि दोनदा उडून बंबावर आपटली. तिसऱ्यांदा बसली. बसली ती अशी की मला तिचा विसर पडला. घोडेगावपर्यंत दोन एसट्या, पुढे कडब्याच्या बैलगाडीत बसून शिंगणापूर, इतकं हाडं खिळखिळी करणारं अंतर झालं, पण थेंब नाही. मी गाडीवानाला बैलांच्या साजाचे सगळे शब्द विचारले. त्याने शेवटी तोंड फिरवून गाणं सुरू केलं.

शिंगणापूरला आज जाल तर गर्दी, दुकानं, गाड्यांसाठी मोठी जागा, सगळं दिसेल. तेव्हा लहान गाव होतं. उघड्यावर शनीची शिळा, आणि घरांना दारं नाहीत. चौकट आहे, फळ्या नाहीत. मी उतरले ते हौसाबाईंकडे. साठीच्या, जमीनजुमला असलेल्या घरातल्या, गावातल्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नसत. त्यांनी ओसरीवर बोलावलं तरच गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलणार होत्या. घरात त्यांचा मुलगा, जो दिवसभर शेतावर असे, सून कांता आणि तिची दोन लेकरं. कांता त्या वेळी घराच्या कडेला छपरीत बसलेली होती, कारण तिचा पहिला दिवस होता. मला आधी ते कळलंच नाही. मी तिला विचारलं, आजारी आहात का. ती नुसती हसली.

मी मात्र घरात. हौसाबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला, मी माठातून दोनदा स्वतः पाणी घेतलं, चुलीपाशी बसून जेवले, त्यांच्यासोबत जाऊन बायका उभ्या राहतात तिथून शनीला नमस्कारही केला. वाटी कुणाला दिसत नव्हती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. दुपारी मी प्रश्नावली उघडली. पहिलाच भाग निघाला ‘घर: दाराचे अवयव’. कडी, कोयंडा, अडसर, बिजागरी. पुण्यात बसून छापणाऱ्यांना कुठे ठाऊक की मी कुठे जाणार आहे. मी मान खाली घालून विचारलं, ‘कडीला काय म्हणता?’

हौसाबाई म्हणाल्या, ‘दारच न्हाई तर कडी कुठली, पोरी? दुसरं इचार.’

दुसरं विचारायच्या आधी मला वाटी रिकामी करायची आठवण झाली आणि त्या क्षणी दारं नसण्याचा खरा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात होती. तीन बाजूंनी कूड, चौथ्या बाजूला गोणपाट. गोणपाट खालून वीतभर वर. मी आत गेले, शेंडी धरली आणि ओढली. वाटी येईना. बाजू चिमटीत धरून आतली हवा सोडायची, मग ओढायची, हे वत्सलाताईने दोनदा सांगितलं होतं. त्या घटकेला मला फक्त तिच्या साडीचा रंग आठवत होता. मी ओढते आहे, ती आत धरून बसली आहे. आता मला ऑपरेशनसाठी बैलगाडीतून नगरला नेणार, आणि सर म्हणणार म्हणूनच मी म्हणत होतो, इथपर्यंत माझं चित्र तयार झालं. मी कण्हले असणार.

छपरी न्हाणीला लागूनच होती. कुडापलीकडून कांताने हळूच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अडकलंय. काय अडकलंय ते तिने विचारलं नाही. दोन लेकरांची आई ती. ‘उकिडवं बसा,’ ती म्हणाली, ‘आन ओढू नका. खाली जोर करा.’ मी केला. वाटी खाली सरकली, माझ्या बोटांना कड लागली, फस्सकन हवा सुटली आणि ओल्या हातातून ती निसटली ती गोणपाटाखालून गडगडत थेट अंगणात.

तेवढ्यात हौसाबाई ओसरीवरून उठून आल्या आणि त्यांनी विचारलं, बाई, बरं हाय ना. काहीही सांगता आलं असतं. पोट बिघडलं, विंचू दिसला, काहीही. शब्दांचा पगार घेणाऱ्या मी उत्तर दिलं, ‘काही नाही आजी, जरा अडचण आहे.’

बोलले आणि जीभ चावली. पुण्यातही बायका तो शब्द त्याच अर्थाने वापरतात, सरांनी तोच वापरला होता, मला तो पाठ होता. अंगणात वाटी, तोंडात अडचण. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हौसाबाई रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. त्यांनी माठ रिकामे केले, चूल सारवली, गोमूत्र शिंपडलं, सगळं माझ्या देखत. भर उन्हात लांबच्या विहिरीवरून पाणी पुन्हा भरून आणलं. मग छपरीपासून चार हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, ‘सांगितलं असतंस तर म्या तुला हाकलून दिलं असतं व्हय?’

मला त्यांच्या त्या रूढीबद्दल काय वाटतं ते मी पुण्यात कितीतरी वेळा तावातावाने बोलले होते. त्यातला एक शब्दही त्या वेळी कामाचा नव्हता. मी त्यांच्या घरात खोटं वागले होते आणि त्यांच्या म्हाताऱ्या कमरेने त्याचं पाणी वाहिलं होतं. मला फार शरम वाटली. शिवाय ओसरीवर बायका जमायच्या बंद, म्हणजे वही कोरी, म्हणजे नोकरी गेली, हेही मी लगेच मोजलं. शरमेतही मी स्वार्थ विसरत नाही.

अशी मी कांताशेजारी पोत्यावर जाऊन बसले. आणि मग गंमत झाली. छपरीत कामं नव्हती. कांता बोलायला मोकळी होती. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघी, ज्या आपापल्या घरी अशाच बाहेर बसलेल्या होत्या, येऊन बसल्या. प्रश्नावलीत ‘वेदना’ या एका ओळीसाठी एकच रकाना होता. त्या तिघींनी मला कळ, चमक, ठणका, सणक, उसण, पेटका, रग आणि मुरडा यांतला फरक समजावून दिला, पोटावर आणि पाठीवर हात ठेवून. भाईर बसली, लांब झाली, कावळा शिवला, इटाळ, यादी थांबेना. दोन दिवसांत वही भरली आणि मी समासात लिहू लागले. जेवण हौसाबाई लांबून ठेवत. बाजरीची भाकरी, कैरीचं लोणचं, ताक. मी जन्मात इतकी निवांत जेवले नाही.

अंगणातली वाटी कांताने पहिल्याच दिवशी काडीने ढकलत माझ्याकडे पोचवली होती. दुसऱ्या दिवशी तिने ते काय आहे म्हणून विचारलं. मी तयारच होते. वाटीचे फायदे, स्पंजाचे तोटे, बाजारातली फजिती, सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हटलं की ही असली की कुणाला कळत नाही, तुला असं बाहेर बसावं लागणार नाही. तिचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती.

ती म्हणाली, ‘मग मला बसू कोन दील? म्हैन्यातनं चार दिस पाठ टेकते मी. तुमची वाटी आली की ते बी गेलं.’

मी वाटी डब्यात ठेवून झाकण लावलं.

मग ती दुसरंच बोलू लागली. तिचं माहेर जामखेडकडचं. आईबाप, भाऊ नुकतेच ऊसतोडीहून परतले होते आणि पुढच्या महिन्यात त्या एकुलत्या एका भावाचं लग्न होतं. ती करवली, पाण्याचा मंगल करा तिने धरायचा. पण तिने दिवस मोजले होते आणि लग्न बरोबर दुसऱ्या दिवसावर पडत होतं. ‘देवाला हात लावनार न्हाई मी,’ ती म्हणाली, ‘पर करा दुसरीच्या हाती बघवनार न्हाई. मला एकच दिस पायजे, बाई.’

मी मोठ्या मनाने डबा उघडला आणि कोरा स्पंज तिच्या हातात दिला. वापरलेली वस्तू दुसऱ्याला देऊ नये, आरोग्याला बरं नसतं, असं नर्सच्या बहिणीला शोभेल असं व्याख्यानही दिलं. ते खरंच होतं. तुम्ही वाचताय म्हणून स्पष्ट सांगते, कुणाची वापरलेली वाटी घेऊ नका, देऊ नका, डॉक्टर रागावतील आणि त्यांचं बरोबर असेल. पण मी स्पंज दिला तो आरोग्यासाठी नव्हे. ती वाटी सबंध महाराष्ट्रात माझ्या एकटीकडे असेल अशी माझी समजूत होती आणि ती मला हवी होती.

कांताने पाकीट उलटंपालटं केलं. ‘ह्योच गळला हुता न्हवं तुमचा?’ तिने विचारलं. मग म्हणाली, ‘करा धरून मांडवात हुबी राहीन, आन तवा गळलं म्हंजे? तुमी सोता काय ठिवनार?’

मी म्हटलं, वाटी. पाकिटाची नीट घडी घालून तिने ते माझ्या डब्यात परत ठेवलं आणि शेजारणीशी बोलू लागली.

मी तासभर तशीच बसले. मग तीन दगडांच्या चुलीवर, छपरीतल्या वेगळ्या पातेल्यात वाटी उकळायला ठेवली. पाणी आटलं की पुन्हा घालून, बराच वेळ चांगली उकळली. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला मोठी लागते असं वत्सलाताई म्हणाली होती, म्हणून तिथेच वापरून बघायचं ठरलं. कांता न्हाणीत गेली आणि मी पाच मोजायच्या आत बाहेर आली. मला तास लागला होता. तिने भरलेला हंडा डोक्यावर घेऊन अंगणात चार फेऱ्या मारल्या. थेंब नाही. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदा मोकळी हसली.

निघताना हौसाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. आता मी नाहून चौथ्या दिवशी घरात आले होते. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हाताने थांबवलं. ‘आमच्या घराला दार न्हाई, समदं दिसतं,’ त्या म्हणाल्या. ‘लग्नाहून आल्यावर मी कांताला काय इचारनार न्हाई. म्हंजे तिलाबी खोटं बोलाया लागनार न्हाई.’

जामखेडबद्दल थोडक्यात. रस्ता खडबडीत, ऊन रणरणतं, पाणी सोबत ठेवा. ऊसतोडीहून आलेल्या बायकांनी कोयत्याचे आणि मोळीचे शब्द दिले, आणि मी नसताना माझ्या उच्चारांची नक्कल केली. ती मी आडून ऐकली, चांगली होती.

पुण्याला आल्यावर सरांनी वह्या चाळल्या. वेदनांच्या पानापाशी ते बराच वेळ थांबले आणि हे कुठे मिळालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाहेर बसून. त्यांनी चष्मा पुसला. महिन्याभराने मला कायम केल्याचं पत्र आलं. वत्सलाताई परत निघाली होती. काय निवडलंस, तिने विचारलं. वाटी, मी म्हटलं. कुठे आहे, म्हणाली. दिली, म्हटलं. तिने मला यथेच्छ झापलं आणि पुढच्या खेपेला आणून द्यायचं कबूल केलं. तोवर मी राहिलेल्या स्पंजावर दिवस काढले आणि कुठलीही पाटी उचलली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर शिंगणापूरहून पोस्टकार्ड आलं. कांता चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि ठाम. वडिलांनी चहा पिता पिता सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. लग्न चांगलं झालं. करा मीच धरला. बाई, तुमच्या वाटीनं दगा दिला नाही. वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लग्नात नुसती वाटी दिलीस, असं जरा दुखावून विचारलं. आई उठून स्वयंपाकघरातल्या वाट्या मोजायला गेली. मी कार्ड घेतलं आणि उरलेल्या ओळी स्वतःशी वाचल्या.

‘पुढल्या म्हैन्याला वाटी पेटीत ठिवली आन चार दिस बसले. बरं वाटलं.’